गाडी रात्री घरी, ऊन दिवसा: चार्जिंगचं गणित आणि इमारतीतली वायर

मीटरघर (धागाकर्ता)

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नाही यावर धागे उदंड झाले. तिथे रेंज, पिकअप, सनरूफ यावर पानंच्या पानं भरतात. पण गाडी दारात उभी राहिल्यावर पहिला प्रश्न येतो तो असा: प्लग कुठे खुपसायचा? हा धागा त्या प्रश्नापुरता. शोरूमच्या जाहिराती आणि 'बॅटरी पाच वर्षांत संपते हो' हे दोन्ही इथे नको.

सुरुवात करतो. गाडीबरोबर येणारी पोर्टेबल केबल १५ अँपिअरच्या तीन पिनी प्लगवर चालते. ब्रोशरमध्ये ३.३ किलोवॅट लिहिलेलं असतं, पण बऱ्याच केबल १० ते १३ अँपिअरच ओढतात, म्हणजे २.३ ते ३ किलोवॅट. ३० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला १८ युनिट, तोटा धरून २०. सात ते नऊ तास. रात्र पुरते. रोज ४०-५० किमी फिरणाऱ्याला तर तीन-साडेतीन तास बस्स. त्यामुळे ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर कायमचा बसवलेला चार्जर) नसला तर अडतं, हे खरं नाही. मोठी बॅटरी आणि रोज १५० किमी असेल तर वेगळी गोष्ट.

खरा धोका वेगळा आहे. गीझर १५ मिनिटं चालतो, इस्त्री थांबून थांबून तापते. गाडी मात्र १३ अँपिअर सलग आठ तास खेचते. घरातल्या कुठल्याही वस्तूने त्या सॉकेटला असं कधी राबवलेलं नसतं. आतली स्प्रिंग सैल, स्क्रूखाली वायर नीट दाबलेली नाही, की तिथेच रोध वाढतो, तापतं, तापल्यावर स्प्रिंग अजून सैल होते. प्लगची पिन आधी पिवळी पडते, मग तपकिरी, मग प्लास्टिक वितळतं. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बंद करा आणि आधी सॉकेट बदला. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

पार्किंगसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढा. तांब्याची ४ चौरस मिमी वायर, २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की पडणारा स्विच). सॉकेट म्हणाल तर निळा गोल इंडस्ट्रियल सॉकेट उत्तम.

फेज_न्यूट्रल

निळ्या सॉकेटबाबत असहमत. सॉकेट उत्तमच, पण गाडीच्या केबलचा प्लग आपल्या नेहमीच्या १६ अँपिअर तीन पिनीचा. तो त्यात जात नाही. मग लोक प्लग कापून दुसरा बसवतात आणि केबलची वॉरंटी जाते. शिवाय काही केबलच्या प्लगमध्येच तापमान मोजणारा सेन्सर असतो. प्लग कापला की तोही गेला. एअर कंडिशनरसाठी बसवतात त्या बॉक्सचंही तेच, त्याची पिन वेगळी. चांगल्या बनावटीचं १६ अँपिअरचं साधं सॉकेट, पत्र्याच्या बंद पेटीत, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर. आणि वर्ष-दीड वर्षात ते सॉकेट बदलून टाकायचं, खराब दिसो न दिसो. चहाच्या दोन फेऱ्यांचा खर्च आहे तो.

मीटरघर

मान्य. निळा सॉकेट वॉलबॉक्सवाल्यांच्या डोक्यातून आला. मागे घेतो.

फेज_न्यूट्रल

आता अर्थिंगबद्दल. 'चार्जर खराब आहे, लाल दिवा लागतो' या दहा तक्रारींतल्या आठ अर्थिंगच्या असतात. गाडीचा चार्जर सुरू होण्याआधी अर्थ तपासतो, नसेल तर चार्जिंग देत नाही. फ्रिज, टीव्ही तपासत नाहीत म्हणून त्या इमारतीत अर्थ मेलेला आहे हे वीस वर्षं कुणाला कळलेलंच नसतं.

मल्टिमीटर घ्या. फेज-न्यूट्रल २३०. फेज-अर्थ जवळपास तेवढंच हवं. मग न्यूट्रल-अर्थ मोजा, तेही लोड चालू असताना: दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. दहा-पंधरा दिसलं तर एक तर अर्थ कच्चा किंवा न्यूट्रलचा जोड कच्चा. आणि बरोब्बर ०.० दिसलं तर खूष होऊ नका, सॉकेट उघडा. बहुतेक वेळा आत न्यूट्रल आणि अर्थच्या स्क्रूमध्ये दोन इंचांचा तुकडा टाकलेला सापडतो. वायरमन त्याला 'लूप मारला' म्हणतात. लूप मारला की चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, वायरमन पैसे घेऊन जातो.

पुढे काय होतं ते नीट समजून घ्या. न्यूट्रलमधला थोडा करंट अर्थमधून परतायला लागतो, त्यामुळे आरसीसीबी पडतो. मग दुसरा कुणी येऊन 'आरसीसीबी फॉल्टी आहे' म्हणून तोच काढून टाकतो. आता उरलं काय? एखाद्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला, की लूपमधून २३० व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर. पावसात, ओल्या फरशीवर, दाराच्या हँडलला हात. लूप सापडला की त्याच क्षणी लाइन बंद करायची, उद्यावर ढकलायचं नाही.

खडूस_काका

वायरमनला हे सांगितलं की तो म्हणतो, 'साहेब, सगळीकडे असंच असतं.'

फेज_न्यूट्रल

काका, म्हणून तर आठ तक्रारी.

मांडवीकाठ

गोव्याकडची एक भर. जांभ्यात अर्थिंग मिळणं कठीण. पावसाळ्यात रीडिंग सुंदर येतं, कारण दगड पाण्याने भरलेला असतो. मार्चपासून पाणी निथळतं आणि तोच अर्थिंगचा खड्डा निकामी. एप्रिलमध्ये अचानक 'अर्थ फॉल्ट' यायला लागला तर गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायच्या आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून अर्ध्या तासाने बघा. चार्जिंग सुरू झालं तर रोग कळला. पण हा इलाज नव्हे, निदान आहे. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यातलं मीठ दोन-तीन पावसांत वाहून जातं. कायमचं करायचं तर तीन मीटरच्या दोन-तीन सळ्या, त्यांच्यात सळीच्या लांबीइतकं तरी अंतर, भोवती बेंटोनाइटची माती, आणि सगळ्या तांब्याच्या पट्टीने जोडायच्या. रीडिंग मे महिन्यात घ्या. ऑगस्टचं रीडिंग म्हणजे जत्रेतला फोटो.

सातवा_मजला

उत्तम चर्चा. वॉलबॉक्सवाल्यांसाठी केबलचं कुणी सांगेल का? मीटर रूम तळमजल्यावर एका टोकाला, पार्किंग दुसऱ्या टोकाला, अंतर ४० मीटर. वायरमन ६ चौ. मिमी म्हणतोय, कंपनीचा माणूस १०.

मीटरघर

वॉलबॉक्स ३२ अँपिअर. ६ चौ. मिमी तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे ३.१ ओहम. जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे ०.२५ ओहम. गुणिले ३२ म्हणजे आठ व्होल्ट गळाले, साडेतीन टक्के. त्यातच अडीचशे वॅट उष्णता केबलमध्ये जिरते, चार्जिंग चालू असेपर्यंत. १० चौ. मिमी घेतली तर पावणेपाच व्होल्ट, दोन टक्के. संध्याकाळी तुमच्याकडे मुळातच २१० व्होल्ट येत असतील तर १० घ्या. २३० ठणठणीत असेल तर ६ चालेल, पण बंद पाइपात इतर केबलींबरोबर कोंबायची नाही. ४० अँपिअरचा एमसीबी.

आरसीसीबी घेताना वर 'टाइप ए' आहे का बघा. दुकानात मागितल्यावर हातात पडतो तो बहुधा 'टाइप एसी'. गाडीच्या चार्जरमधून थोडी डीसी गळती झाली तर टाइप एसी आंधळा होतो, मग खरी गळती झाली तरी पडत नाही. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

सातवा_मजला

धन्यवाद. आमच्या कमिटीचा आक्षेप वेगळाच आहे: 'चाळीस जणांनी गाड्या घेतल्या तर ट्रान्सफॉर्मर उडेल.'

आकडेमोड

चाळीस गाड्या गुणिले ७.२ म्हणजे २८८ किलोवॅट, असा हिशेब मांडला की कमिटी घाबरणारच. पण चाळीस गाड्या रोज रिकाम्या होऊन येत नाहीत. ५० किमीला आठ युनिट. चाळीस गाड्यांचे ३२० युनिट, रात्री अकरा ते सकाळी सात या आठ तासांत वाटले तर सरासरी ४० किलोवॅट. तेवढं त्या वेळी इमारतीत मोकळं असतं, कारण लिफ्ट, पंप, एसी यांचा जोर संध्याकाळी.

गोची इतकीच की सगळे साडेसातला घरी येतात आणि साडेसातलाच प्लग लावतात. म्हणून गाडीच्या अॅपमध्ये चार्जिंगची वेळ लावा, किंवा सोसायटीने लोड वाटून देणारे चार्जर एकाच कंट्रोलरखाली बसवावेत. चार्जर आणि गाडी यांच्यात एका पातळ तारेवरून सतत इशारा चालू असतो. चार्जर त्या इशाऱ्याची रुंदी कमी करतो आणि गाडी निमूटपणे ३२ वरून १६ किंवा ६ अँपिअरवर येते. कुणाच्या सकाळच्या टाकीत फरक पडत नाही.

आणि कमिटीला हेही सांगा: ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वतःच्या आहे त्या कनेक्शनवर गाडी चार्ज करता येते. मात्र मंजूर भार वाढवून घ्यायला हवा. ५ किलोवॅटच्या मंजुरीवर ७.२ चा वॉलबॉक्स आणि वर दोन एसी, हे चालणार नाही. कॉमन मीटरवरून सबमीटर काढू नका. तीन महिन्यांत दर किती लावायचा यावरून भांडण होतं, आणि एजीएम त्यातच संपते.

घाटरस्ता

दराचा विषय निघालाच आहे तर. 'महिन्याला हजार किमी, १६० युनिट, माझा युनिट आठ रुपयांना पडतो' असं लोक लिहितात. चूक. घरगुती बिल टप्प्यांचं: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत, पुढे. गाडीचे १६० युनिट हे तुमच्या बिलातले शेवटचे, म्हणजे सगळ्यात महागडे युनिट असतात. एकूण बिल भागिले युनिट करून सरासरी काढू नका. शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवा, मग गुणा. तसं करून १२ रुपये आला तर किमीला १.९० रुपये. हायवेवरच्या फास्ट चार्जरला युनिटला १८ ते २५ रुपये लागतात, त्यात १८ टक्के जीएसटी आला. २२ धरले तर किमीला साडेतीन. पेट्रोल १०४ आणि लिटरला १५ धरलं तर सात. म्हणजे घरी चार्जिंग असेल तर गाडी परवडते, फक्त बाहेरच्या चार्जरवर काढायची असेल तर खर्च पेट्रोलच्या निम्म्यावर जातो. महावितरणकडे गाडीसाठी वेगळ्या मीटरची वेगळी वर्गवारी आहे. ३०० युनिटच्या वर बिल जाणाऱ्यांनी तिचा स्थिर आकार धरून हिशेब करून बघावा.

घाटाचंही सांगून ठेवतो, कारण दर शनिवारी कुणीतरी विचारतं. खोपोली ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसांसह १,७०० किलोची गाडी तेवढी उचलायला अडीच युनिटच्या वर, मोटरचा तोटा धरून तीन. म्हणजे सपाटीवरचे वीस किमी घाटाने खाल्ले. उतरताना त्यातला निम्मा-अधिक भाग परत येतो, पण बॅटरीत जागा असेल तर. लोणावळ्यात चिक्की खात खात १०० टक्के भरून मुंबईकडे निघालात तर रीजनला (वेग कमी करताना वीज परत बॅटरीत भरण्याला) वाव नाही, सगळा भार साध्या ब्रेकवर. ८०-८५ ला थांबा. तसंही डीसी (फास्ट) चार्जरवर ८० नंतर वेग पडतो, आणि मागे रांग असते.

रेंज खाणारा खरा राक्षस मात्र घाट नव्हे, वेग. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलात की तेवढा भाग दीडपटीच्या वर.

खडूस_काका

हे सगळं ऐकलं. पण वीज चंद्रपूरच्या कोळशाचीच ना? धूर पुण्यातून उचलला आणि चंद्रपूरकरांच्या नाकात सोडला. याला स्वच्छ ऊर्जा म्हणायचं?

आकडेमोड

काका, अर्धं बरोबर. आकडे मांडतो. देशाच्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड. पारेषण-वितरणातली गळती १५ टक्के धरली तर तुमच्या सॉकेटपाशी तो ०.८५ होतो. किमीला ०.१६ युनिट, म्हणजे १३६ ग्रॅम. पेट्रोलचा लिटरमागे २.३१ किलो, १५ च्या अॅव्हरेजला १५४ ग्रॅम नळकांड्यातून, आणि तेल उपसणं, शुद्ध करणं, वाहून आणणं याचे वीसेक टक्के वर, मिळून १८५. म्हणजे आजच्या ग्रिडवर गाडी पाव हिश्शाने स्वच्छ. बॅटरी बनवताना झालेलं प्रदूषण फेडायचं राहिलंच: ४० युनिटची बॅटरी, युनिटमागे ७५ किलो धरले (अंदाज ६० ते १०० च्या मधे फिरतात), तीन टन. ४९ ग्रॅमच्या बचतीने ते फिटायला ६०,००० किमी. तीच गाडी छतावरच्या सौर विजेवर चालली तर १६-१७ हजारांत फिटतं.

तुमचा चंद्रपूरचा मुद्दा मात्र आकड्यांत मावत नाही, तो मान्य. राख आणि धूळ तिथेच राहते.

खडूस_काका

पण सरकार तर म्हणतं निम्मी क्षमता कोळशाविना झाली.

आकडेमोड

क्षमता, काका. निर्मिती नव्हे. सौर पॅनेल रात्री शून्य. २०२५ मध्ये बिगर-जीवाश्म क्षमता ५० टक्क्यांवर गेली हे खरं, पण प्रत्यक्ष युनिट मोजले तर कोळसा अजून सत्तरीच्या आसपास. आणि तोही दिवसाच्या वेळेनुसार बदलतो. दुपारी बाराला ग्रिडवर ऊन भरपूर. संध्याकाळी सात ते अकरा सगळ्यात घाण आणि सगळ्यात महाग वीज. कोयनेचे १,९६० मेगावॉट तेव्हाच कामाला लावतात. घाटघरला २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र आहे: फावल्या विजेने पाणी वर चढवायचं आणि गरजेला खाली सोडायचं. पण मागणीपुढे हे थोडकं. म्हणून साडेसातला प्लग लावणं हा वाईटातला वाईट पर्याय. रात्री एक नंतर बरा. दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये सर्वांत चांगला. पण आपल्याकडे ऑफिसात चार्जर लावायचा विषय निघाला की तो फॅसिलिटीवाल्यांच्या ईमेलमध्येच विझतो.

छपरावरचे_ऊन

छताबद्दल माझ्याकडून. एक किलोवॅटला महाराष्ट्रात दिवसाला सरासरी चार युनिट, जागा शंभर चौरस फूट. जुलै-ऑगस्टात निम्म्यावर येतं. महिन्याला हजार किमीच्या गाडीला दीड किलोवॅट जास्तीचे बसवा, नुसत्या घराच्या हिशेबाने बसवलेले पुरणार नाहीत. पीएम सूर्यघरमध्ये पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान, तिसऱ्याला १८,०००, कमाल ७८,०००. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० आहेत आणि त्यात गाडीचं चार्जिंगही येतं. हे बऱ्याच कमिट्यांना माहीतच नसतं.

दोन गैरसमज. एक: 'लाइट गेली तरी आपली गाडी चार्ज होईल.' होणार नाही. ग्रिड गेला की नेट मीटरिंगचा (जास्तीची सौर वीज ग्रिडला देणारा) इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. दोन: 'माझी गाडी सूर्यावर चालते.' नेट मीटरिंग ही वहीतली नोंद. दुपारी तुम्ही शेजाऱ्याला ऊन दिलंत आणि रात्री ग्रिडमधून कोळसा उसना घेतलात. एकूण हिशेबात फायदा आहेच, पण शनिवार-रविवार गाडी घरी असेल तर दुपारीच प्लग लावा. तेवढी खरी सौर.

राईनकाठी

जर्मनीत याच दुखण्यावर नियमाने औषध काढलंय. १ जानेवारी २०२४ पासून नव्या वॉलबॉक्सला वीजजाळ्यावर ताण आला की ४.२ किलोवॅटपर्यंत खाली आणायचा हक्क जाळेचालकाकडे आहे, बदल्यात ग्राहकाला जाळ्याच्या शुल्कात सूट. चार्जर बंद करता येत नाही, फक्त हळू करता येतो. ११ किलोवॅटपर्यंतचा वॉलबॉक्स नुसता कळवायचा, त्यावरच्याला परवानगी लागते. तिथे घराला तीन फेज सरसकट मिळतात म्हणून ११ नेहमीचा. आपल्याकडे घरात बहुधा सिंगल फेज, म्हणून ७.२ ही मर्यादा येते.

सातवा_मजला

शेवटचा प्रश्न, गाडीला अजून तीन दिवस आहेत. रोज किती टक्के भरायची? कुणी ८० म्हणतं, कुणी १००.

फेज_न्यूट्रल

बॅटरीचं रसायन कुठलं ते आधी बघा. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८०, लांब जायचं असेल तेव्हाच १००, आणि १०० भरून आठवडाभर उन्हात उभी करायची नाही. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर आठवड्यातून एकदा १०० करा. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे बीएमएसला (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला) ४० आणि ६० टक्क्यांतला फरक नीट कळत नाही. टोकाला गेल्यावरच त्याचा अंदाज जुळतो. महिनोन्महिने ८० वर ठेवली तर स्क्रीनवर १५ टक्के दिसत असताना गाडी अचानक मंदावते, आणि लोक 'बॅटरी गेली' म्हणून धागा काढतात.

आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली असली तरी ही मेली की गाडी उघडतही नाही. तीन आठवडे गावी जाणार असाल तर डॅशकॅमची पार्किंग वायर काढून ठेवा, आणि किल्लीच्या आतली लोखंडी चावी दाराला कुठे लागते ते डिलिव्हरीच्या दिवशीच शोरूममध्ये उभं राहून करून बघा. काही गाड्यांत ते छिद्र हँडलच्या टोपणाखाली लपवलेलं असतं.

सातवा_मजला

नोंद घेतली. उद्या सकाळी आधी सॉकेट उघडून बघतो, लूप आहे का ते.

फेज_न्यूट्रल

मेन बंद करून, हो.